उकिरड्यावरची वनराई

मुंबईत शीव आणि वांद्रे यांना जोडणारा एक रस्ता आहे. रात्रंदिवस त्यावरून मोटारींची रांग वाहत असते. एका अंगाला धारावीची दाट वस्ती, दुसऱ्या अंगाला मिठी नदीपलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलातील काचेच्या उंच इमारती. आणि या दोहोंच्या मध्ये, वाटसरूच्या ध्यानीमनी नसताना, एक गर्द हिरवी राई उभी आहे. तिचे नाव महाराष्ट्र निसर्ग उद्यान. मी मुंबईतच जन्मलो, मुंबईतच वाढलो आणि मुंबईतच म्हातारा झालो; परंतु गेल्या कार्तिकापर्यंत या उद्यानाच्या फाटकातून मी कधी आत पाऊल टाकले नव्हते. कोणी विचारले, तर वेळ मिळाला नाही, असे मी सांगत असे. खरे कारण निराळे होते.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. माझी नात सहावीत शिकते. तिच्या वर्गाची सहल या उद्यानात जायची होती आणि मुलांवर लक्ष ठेवण्यासाठी घरच्या काही वडील माणसांनी सोबत यावे, असे बाईंनी कळविले होते. नात माझ्याकडे धावत आली.

“आजोबा, तुम्ही इतकी वर्षे भूगोल शिकवलात. मग तुम्हीच चला ना आमच्याबरोबर!”

नातीच्या शब्दाला नाही म्हणणे कोणत्या आजोबांना जमले आहे? मी होकार दिला. पण त्या रात्री मला लवकर झोप आली नाही. पन्नास वर्षांपूर्वीचा एक वास माझ्या नाकाशी घोटाळू लागला.

तो वास धारावीच्या उकिरड्याचा होता. आज जेथे उद्यान आहे, तेथे सत्तरच्या दशकात मुंबईचा कचरा आणून टाकीत असत. राख, चिंध्या, भाजीपाल्याचे देठ, सडकी फळे, फुटक्या बाटल्या, नारळाच्या करवंट्या, मेलेले उंदीर, सारे शहर जे जे नको म्हणून घराबाहेर टाकी, ते ते तेथे येऊन पडे. ढिगांवर घारी आणि कावळे घिरट्या घालीत. कुठे ना कुठे धूर निघत असे. पावसाळ्यात ढिगांतून काळे पाणी पाझरे आणि ते मिठी नदीकडे वाहत जाई. वारा त्या दिशेचा असला, की रस्त्याने जाणारी माणसे नाकाला रुमाल लावीत आणि पावले झपाझप उचलीत.

माझ्या वडिलांना मात्र त्या जागेकडून पावले झपाझप उचलता येत नसत. कारण तीच त्यांची कामाची जागा होती. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. आबा महानगरपालिकेच्या कचऱ्याच्या मोटारीवर होते. पहाटे, आम्ही मुले झोपेत असताना, ते उठत आणि हजेरीच्या चौकीवर जात. मग रस्तोरस्तीच्या कचरापेट्यांतील कचरा फावड्याने पाटीत भरायचा, पाटी डोक्यावर घेऊन मोटारीत रिकामी करायची, आणि मोटार काठोकाठ भरली, की तिच्या माथ्यावर, त्या कचऱ्यावरच, उभे राहून धारावीला जायचे. तेथे गाडी खाली करायची आणि पुन्हा दुसऱ्या खेपेला निघायचे. दुपारी घरी परतले, की आबा चाळीच्या नळावर अंग घासून घासून धूत. त्यानंतरच ते उंबऱ्याच्या आत येत. तोवर आम्हा भावंडांनी त्यांना शिवायचे नाही, हा त्यांचा स्वतःचाच दंडक होता. एवढे करूनही तो वास त्यांच्या खाकी सदऱ्यातून पुरता जात नसे. आई तो सदरा सोड्याच्या पाण्यात उकळी आणि काही न बोलता दोरीवर वाळत टाकी.

एके दिवशी आबांनी सदऱ्याखालून एक वस्तू काढली. ती एक जुनी नकाशाची वही होती. तिची पुठ्ठ्याची पाठ निखळली होती, पहिली काही पाने नाहीशी झाली होती आणि कडा ओलसर होत्या. कोण्या घरातून ती कचऱ्यात आली होती. आबांनी एकेक पान ओल्या फडक्याने पुसले, दोन दिवस उन्हात वाळविले आणि मग ती वही माझ्या हाती दिली. आबांना अक्षरओळख जेमतेम होती, पण रात्री जेवणे झाली, की ते माझ्याशेजारी बसत आणि म्हणत, “दाखव, आज कुठला मुलूख?” मी त्यांना गंगा दाखवी, हिमालय दाखवी, आफ्रिका दाखवी. एकदा त्यांनी विचारले,

“यात आपली मुंबई कुठं हाय?”

मी बोट ठेवले.

“आन् धारावी?”

“धारावी नाही यात, आबा. ती फार लहान जागा आहे. नकाशात येत नाही.”

आबा हसले. “एवढा डोंगर रचलाय आम्ही तिथं, तरी येत नाही व्हय?”

मला भूगोलाची गोडी लागली, ती त्या वहीमुळे. पुढे मी त्याच विषयाचा शिक्षक झालो. पण हे सांगताना मधली एक गोष्ट गाळून चालणार नाही.

मी सातवीत होतो. शाळेत निरनिराळ्या घरांतील मुले होती. कोणाचे वडील कचेरीत कारकून, कोणाचे दुकानदार, तर एकाचे वडील डॉक्टर. “तुझे वडील काय करतात?” असे कोणी विचारले, की मी म्हणे, “महानगरपालिकेत आहेत.” हे खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मेज, खुर्ची आणि शाईची दौत उभी राही आणि मी ती तशीच उभी राहू देई. माणूस शब्द खरे उच्चारूनही खोटे बोलू शकतो, हे मला त्या वयात कळले होते. एवढेच, की ते कळत असल्याचे मी स्वतःला कळू दिले नव्हते.

एके सकाळी शाळेच्या फाटकापाशी आम्ही चार-पाच मित्र बोलत उभे होतो. इतक्यात तो ओळखीचा वास आला आणि कोपऱ्यावरून कचऱ्याची मोटार वळली. तिच्या माथ्यावर आबा उभे होते. एका हाताने फळीचा आधार घेतलेला, डोक्याला फडके बांधलेले. त्यांची दृष्टी माझ्यावर पडली. त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी हात उंच करून हलविला.

मित्रांपैकी एकाने नाक दाबले आणि विचारले, “अरे, तो कचरेवाला तुला हात करतोय का? ओळखतोस त्याला?”

“छे!” मी म्हणालो, “दुसऱ्या कोणाला करीत असेल.” आणि मी पाठ फिरविली.

मोटार गेली. माझे शब्द आबांपर्यंत पोहोचले नसतील. पण माझी पाठ त्यांनी पाहिली होती. त्या दुपारी मी घरी जायला भीत होतो. आबा रागावले असते, तर बरे झाले असते. पण ते काहीच बोलले नाहीत. नेहमीसारखे नळावर अंग धुऊन ते आत आले, जेवले आणि रात्री माझ्याशेजारी बसून म्हणाले, “दाखव, आज कुठला मुलूख?” पुढे मात्र एक गोष्ट मी पाहिली. त्यांची मोटार शाळेसमोरून जाऊ लागली, की ते मान दुसऱ्या बाजूला वळवीत आणि शाळा मागे पडेपर्यंत तशीच ठेवीत. माझी अडचण होऊ नये, म्हणून.

वर्षे गेली. सत्तरचे दशक सरता सरता धारावीचा उकिरडा बंद झाला आणि मोटारी दुसरीकडे जाऊ लागल्या. मी शिक्षक झालो. आबा निवृत्त झाले आणि १९९१ साली गेले. त्या सकाळविषयी मी त्यांच्यापाशी कधीच बोललो नाही. उद्या बोलू, परवा बोलू, असे म्हणता म्हणता ते राहून गेले. १९९४ साली त्या जागी उद्यान खुले झाल्याचे मी वर्तमानपत्रात वाचले आणि पान उलटले. माझी मुले आणि पुढे नात विचारी, तेव्हा मी त्यांनाही तेच उत्तर देई: “ते महानगरपालिकेत होते.”

सहलीच्या दिवशी सकाळी आठ वाजता आमची बस उद्यानाच्या फाटकाशी थांबली. आत शिरलो, आणि पन्नास-साठ पावलांतच रस्त्यावरचा गलबला ओसरला. डोक्यावर फांद्यांची कमान होती. ऊन गाळून यावे तसे पानांतून खाली येत होते. माझे नाक मात्र आपल्या जुन्या ओळखीचा शोध घेत होते. ओल्या मातीचा, कुजक्या पानांचा, कुठल्याशा रानफुलाचा, असे नाना वास आले. तो एक तेवढा आला नाही.

उद्यानाची माहिती सांगण्यासाठी तेथील एक तरुण ताई आमच्याबरोबर होत्या. मुलांना ओळीने चालवीत त्या म्हणाल्या, “हे उद्यान सुमारे ३७ एकरांचे आहे. येथील एकही झाड आपोआप उगवलेल्या जुन्या जंगलातले नाही. ज्या जागेवर आपण उभे आहोत, ती पूर्वी कचरा टाकण्याची जागा होती.”

मुलांनी चमकून पायांखाली पाहिले. एकाने तर पाय उचललाही. सारे हसले.

ताईंनी मग ही जागा कशी पालटली, ते सांगितले. कचरा टाकणे बंद झाले, म्हणून जमीन लगेच झाडे लावण्याजोगी होत नाही. ढिगांच्या पोटात कुजण्याची क्रिया चालूच राहते. त्यातून उष्णता निघते, मिथेनसारखे वायू निघतात, आणि मुळांना लागणारी हवा त्यामुळे मिळत नाही. म्हणून आधी त्यावर मातीचा थर घालावा लागतो, आणि मग जी झाडे काटक आहेत, जी कमी खाऊन जगतात, ती प्रथम लावावी लागतात. ती तगली, की त्यांच्या सावलीत पुढची नाजूक झाडे धीर धरतात. येथे वृक्षारोपणास आरंभ झाला, तो १९८३ साली, थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हस्ते.

सालिम अली हे नाव ऐकताच एका मुलाने विचारले, “म्हणजे ते पक्ष्यांचे आजोबा?”

“हो, तेच,” ताई म्हणाल्या, आणि त्यांनी ती गोड हकीकत सांगितली. सालिम लहान असताना त्याने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. नेहमीच्या चिमणीसारखीच ती होती. पण तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. हा कोणता पक्षी, ते घरात कोणालाच सांगता येईना. तेव्हा त्याच्या मामांनी त्याला मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेकडे पाठविले. तेथील मिलार्ड नावाच्या गृहस्थांनी त्या बिचकलेल्या मुलाला पक्ष्याचे नाव तर सांगितलेच, पण खणामागून खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखविले. त्या दिवशी पक्षी पाहण्याची हौस लागली. ती पुढे जन्मभर टिकली. १९८७ साली ते वारले, तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते. उकिरड्यावर रोप लावावयास ते आले असतील, तेव्हाही त्यांचे वय ऐंशीच्या पुढे गेलेले होते. त्या रोपाची सावली आपल्याला मिळणार नाही, हे त्यांना ठाऊक असणार.

पायवाटेने आम्ही पुढे निघालो. करंज, उंबर, बांबूची बेटे मागे पडत होती. उंबराच्या फांदीवर तांबट पक्षी ‘टुक् टुक्’ करीत बसला होता. एखादा तांबट भांडे घडवीत बसावा, तसा तो आवाज. मुलांनी मान उंच करकरून त्याला शोधले. मग एक मोठे काळे फुलपाखरू, पंखांवर निळे चमकते पट्टे घेऊन, आमच्या समोरून संथपणे तरंगत गेले. “हे आपल्या महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू, नीलवंत,” ताई म्हणाल्या. “२०१५ साली त्याला हा मान मिळाला. लिंबाच्या जातीच्या झाडांवर त्याची मादी अंडी घालते. लिंबाचे झाड नाही, तर नीलवंत नाही.”

एका मोठ्या झाडाखाली ताई थांबल्या. “आता सर्वांनी गुडघ्यांवर बसा,” त्या म्हणाल्या. मुले बसली. मीही, गुडघ्यांची परवानगी घेऊन, बसलो. ताईंनी जमिनीवरची वाळकी पाने अलगद बाजूला केली. वरची पाने अखंड आणि कुरकुरीत होती. त्यांच्या खालची पाने काळपट आणि मऊ. त्याखालच्या थरातली पाने जाळीदार. मांसल भाग नाहीसा होऊन नुसत्या शिरा उरलेल्या. त्यावर बुरशीचे पांढरे धागे पसरले होते. एक वाणी अंगाचे वेटोळे करून निपचित पडला. आणि अगदी खाली होती काळी, भुसभुशीत माती. ताईंनी चिमूटभर माती एकेकाच्या तळहातावर ठेवली.

“पान गळते, तेव्हा झाडाने टाकलेला तो कचराच असतो,” त्या म्हणाल्या. “पण जंगलात कोणी झाडूवाला नाही आणि कचऱ्याची गाडीही नाही. वाळवी, गांडुळे, वाणी, बुरशी आणि डोळ्यांना न दिसणारे जिवाणू हे काम करतात. ते कचरा दुसरीकडे नेऊन टाकीत नाहीत. तो जेथे पडला, तेथेच त्याची माती करतात, आणि ती माती पुन्हा झाडालाच देतात. आपल्या घरचे देठ आणि साली यांचीही अशीच माती होते. प्लॅस्टिकच्या पिशवीची मात्र होत नाही, कारण ती खाणारे कोणी आपल्याला या मातीत भेटत नाही. ती आहे तशीच पडून राहते.”

नात तळहातावरच्या मातीकडे एकटक पाहत होती. तिने विचारले, “ताई, या मातीच्याही खाली काय आहे?”

“त्याखाली तो जुना कचरा आहे. सारी मुंबई टाकीत असे, तो.”

“पण तो इथं आणला कोणी?”

“महानगरपालिकेच्या गाड्यांनी,” ताई म्हणाल्या.

“गाड्यांनी नाही हो,” नात म्हणाली, “म्हणजे, गाडीत भरला कोणी? आणि रिकामा कोणी केला?”

ताईंना क्षणभर उत्तर सुचले नाही. मुले इकडेतिकडे पाहू लागली. माझ्या मुठीतली माती ओलसर आणि गार लागत होती. मी कशासाठी या जागेला तीस वर्षे टाळले, ते त्या क्षणी मला पुरते उमगले. मला भीती उकिरड्याची नव्हती. या प्रश्नाची होती. शाळेच्या फाटकापाशी तो एकदा विचारला गेला होता आणि मी पाठ फिरविली होती. आता तो पुन्हा विचारला गेला होता, आणि विचारणारी माझी नात होती.

“माझ्या वडिलांनी,” मी म्हणालो.

सर्वांनी माझ्याकडे पाहिले.

“माझे वडील कचऱ्याच्या मोटारीवर होते. रोज दोन-तीन खेपा ते इथे घेऊन येत. त्यांच्याबरोबर त्यांच्यासारखी आणखी पुष्कळ माणसे होती. ही पायांखालची जमीन त्यांनी डोक्यावरच्या पाट्यांनी भरली आहे.”

कोणी हसले नाही. कोणी नाकही दाबले नाही. माझी नात उठून माझ्याजवळ आली.

“आजोबा, पणजोबा तर महानगरपालिकेत होते ना?”

“महानगरपालिकेतच होते, बाळ. पण मी तुला अर्धेच सांगितले होते.”

“अर्धेच का?”

“मला लाज वाटत होती.”

ती विचारात पडली. मुलांची मने आपण समजतो, त्याहून सरळ असतात. थोड्या वेळाने ती म्हणाली, “मग त्यांनी आणलेल्या कचऱ्यावरचं झाड यातलं कोणतं?”

या प्रश्नाला उत्तर नव्हते. मी भोवताली पाहिले. कोणत्या पाटीतले देठ कोणत्या मुळाला मिळाले, हे कोण सांगणार? यातले कोणतेही एक झाड त्यांचे असेल, कदाचित सारीच असतील. मी तसे म्हणालो. तेव्हा तिने आपल्या हातातली माती त्या झाडाच्या बुंध्याशी परत ठेवली आणि वरून वाळकी पाने सारखी केली. तिचे पाहून इतर मुलांनीही तसेच केले. त्यांना कोणी सांगितले नव्हते.

नंतर आम्ही उद्यानातील शिक्षण केंद्रात गेलो. त्या इमारतीच्या छपरावर पडणारे पावसाचे पाणी वाया न जाऊ देता साठविले जाते आणि उद्यानातील एक तळेही पावसाच्याच पाण्याने भरते. मुलांनी तेथे चित्रे पाहिली, बिया आणि पाने हाताळली, प्रश्नांची उत्तरे दिली. माझे लक्ष मात्र भिंतीवरच्या नकाशाकडे गेले. उद्यानाचा तो नकाशा होता. पायवाटा, तळे, नदीचा काठ, सारे त्यात रेखले होते, आणि मधला सारा भाग हिरव्या रंगाने भरला होता. मी पुढे होऊन त्यावर बोट ठेवले. माझ्या कानांत जुना प्रश्न घुमला: आन् धारावी? आबा, ही पाहा, मी मनात म्हणालो. आता ती नकाशात आली आहे.

परतण्याआधी ताईंनी आम्हाला उद्यानाच्या कडेला नेले. तेथून मिठी नदी दिसते. विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्यातून ती निघते आणि सुमारे १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीत समुद्राला मिळते. तिच्या चिखलात तिवरांची झाडे उभी होती. त्यांची बोटभर मुळे चिखलातून वर डोके काढून श्वास घेत होती. पण त्या मुळांना ठिकठिकाणी प्लॅस्टिकच्या पिशव्या गुंतल्या होत्या. पाणी काळे होते. आणि तेथे, वाऱ्याच्या एका झुळुकीबरोबर, तो वास आला. पुसट, पण तोच.

मुलांनी नाके दाबली. ताई म्हणाल्या, “मुलांनो, २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि ही नदी तिच्या काठांवरून शहरात शिरली. पाऊस अफाट होता, हे खरे. पण नदीचे पात्र आपण भरावाने अरुंद केले होते आणि कचऱ्याने भरून टाकले होते, हेही खरे. उकिरडा येथून हलला, पण कचरा संपला नाही. तो आता शहराच्या दुसऱ्या टोकाला जातो, आणि काही थोडा अजूनही या पाण्यात येतो.”

मला वाटले, हे ताईंनी दाखविले, ते बरे केले. नाहीतर मुले समजली असती, की सारे काही ठीक झाले आहे. एका उकिरड्याची राई व्हायला काही वर्षे, पुष्कळ माती आणि पुष्कळ माणसांचे हात लागले. नवा उकिरडा व्हायला मात्र काहीच लागत नाही. हातातली पिशवी सोडून दिली, की पुरे.

फाटकाबाहेर बसची वाट पाहत आम्ही उभे होतो. रस्ता पुन्हा गर्जत होता. इतक्यात धारावीच्या बाजूने कचऱ्याची एक गाडी आली. आता त्या गाड्या बंद असतात आणि कचरा आतल्या आत दाबला जातो. पण मागच्या पायरीवर, दांडीला धरून, एक माणूस उभा होता. त्याने डोक्याला फडके बांधले होते. पुढची वाहने खोळंबल्यामुळे गाडी आमच्या समोर मंदावली.

मी काही करण्याच्या आधीच माझ्या नातीने हात उंच केला आणि हलविला. त्या माणसाने मागे वळून पाहिले. हा हात दुसऱ्या कोणासाठी असावा, असे त्याला वाटले असावे. मागे कोणी नव्हते. तेव्हा मीही हात उंच केला. माझा हात उचलायला पन्नास वर्षे लागली होती. तो मी सावकाश खाली घेतला.

गाडी चालू झाली. जाता जाता त्या माणसाने दांडीवरचा एक हात सोडला आणि आमच्याकडे पाहून हलविला. गाडी वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत तो हात हलत होता.

बसमध्ये नात माझ्या शेजारी येऊन बसली. थोडा वेळ ती खिडकीबाहेर पाहत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली,

“आजोबा, आता पणजोबांची उरलेली अर्धी गोष्ट सांगा.”

मी नकाशाच्या वहीपासून सुरुवात केली.